आधी वही, मग घर

कवीचे घर पाहावयास जाणे ही आपल्या समाजात फारशी रुळलेली गोष्ट नव्हे. आपण तीर्थस्थळी जातो, किल्ले चढतो, समुद्रकिनारी मुलांना मनसोक्त खेळू देतो. परंतु एखाद्या मनुष्याने कविता लिहिल्या एवढ्याच कारणासाठी तो ज्या घरात जन्मला त्या घराच्या उंबरठ्याशी पादत्राणे काढून उभे राहावे, असे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते? माझ्याही मनात ते फार उशिरा आले, हे प्रारंभीच कबूल करतो.

गेल्या वर्षी नाताळनंतरच्या सुट्टीत सातपूरच्या आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे कोकणच्या सहलीस निघाली. मंडळी बहुतेक कामगार. कोणी औद्योगिक वसाहतीत अजून पाळीवर जाणारे, कोणी निवृत्त झालेले. गणपतीपुळ्याचा समुद्र पाहावयाचा, रत्नागिरीस एक मुक्काम करावयाचा आणि परतावयाचे, असा बेत होता. गणपतीपुळ्यास लागूनच मालगुंड हे गाव आहे. तेथे तासभर थांबावे, असा आग्रह मी धरला.

“तिथं काय आहे, फादर?” एका भगिनीने विचारले.

“एका कवीचं घर आहे.”

मागच्या बाकावरून एका लहानग्याने विचारले, “मग ते आत्ता घरी असतील का?” सारी बस हसली. ते १९०५ सालीच निवर्तले, हे मी त्याला सांगितले. तेव्हा आयुष्यभर लेथवर उभे राहून काम केलेले आमचे एक ज्येष्ठ गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मग फादर, रिकामं घर बघून काय मिळायचं?”

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर मला बसमध्ये देता आले नाही. ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

मालगुंडचे घर कृष्णाजी केशव दामले यांचे. वडिलांचे नाव केशव, म्हणून कवीने स्वतःस केशवसुत म्हणविले. १८६६ साली त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षक, घरची स्थिती बेताची आणि कुटुंब मोठे. याच घरातील एक भाऊ मोरो केशव दामले यांनी पुढे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ साली सिद्ध केला, आणि आजही मराठी व्याकरणाचा अभ्यास त्या ग्रंथास वगळून होत नाही. एकाच छपराखालून मराठीला तिचा नवा कवी लाभला आणि तिचा थोर व्याकरणकारही लाभला, हे मोठे नवल आहे.

केशवसुतांचे शिक्षण ठिकठिकाणी, अडखळत झाले. मुंबईत, खानदेशातील फैजपुरास आणि शेवटी धारवाडास त्यांनी तुटपुंज्या वेतनावर नोकरी केली. १९०५ च्या नोव्हेंबरात ते हुबळीस नातलगांकडे गेले असता प्लेगने त्यांना गाठले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या मागोमाग काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही गेल्या. लहान मुली मागे राहिल्या. संसाराच्या दृष्टीने पाहिले तर ही एका गरीब शिक्षकाची दुःखद कहाणी आहे, आणि त्या प्लेगच्या वर्षांत अशा कहाण्या घरोघरी घडत होत्या.

तथापि याच शिक्षकाने मराठी कवितेचे रूप पालटले. देवादिकांच्या आणि राजांच्या कथांत रमणाऱ्या कवितेला त्यांनी सामान्य माणसाच्या मनाकडे वळविले. इंग्रजीतील चौदा ओळींचा काव्यप्रकार त्यांनीच मराठीत आणला, ज्यास आपण आज सुनीत म्हणतो. ‘तुतारी’, ‘नवा शिपाई’, ‘झपूर्झा’, ‘सतारीचे बोल’ ही त्यांच्या कवितांची नावे शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानावरून गेलेली आहेत. परंतु मला येथे मुद्दाम सांगावयाचे आहे ते आणखी दोन कवितांविषयी. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही त्यातील एक आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही दुसरी. गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस, जेव्हा शिवाशिवीचे बंधन धर्म म्हणून पाळले जात होते आणि गिरणीच्या भोंग्यावर मुंबईचे दिवस मोजले जाऊ लागले होते, तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेल्या एका ब्राह्मण तरुणाने हे विषय कवितेचे विषय मानले. मराठी साहित्याच्या इतिहासात ही लहान घटना नव्हे.

आता त्या घराविषयी. उतरत्या छपराचे, बसके, जुन्या कोकणी धर्तीचे ते घर आहे. अंगणात सावली, आत थंडावा आणि अंधार. जुन्या काळच्या घरात असावयाच्या त्या घरगुती वस्तू तेथे मांडून ठेवल्या आहेत. घराच्या आवारात केशवसुतांच्या कविता शिळांवर कोरल्या आहेत. शिवाय ग्रंथालय आहे आणि त्यांच्यानंतरच्या आधुनिक मराठी कवींची ओळख करून देणारे दालनही आहे. १९९१ साली मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. तिने हे स्मारक उभे केले, आणि ८ मे १९९४ रोजी त्याचे उद्घाटन झाले ते आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांच्या हस्ते. आमच्या मंडळींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचे चेहरे उजळले. टिळकवाडीतून गेलेल्या आपल्या गावच्या माणसाने हे दार उघडले होते!

एक साम्य तेथे उभे असताना ध्यानात आले. केशवसुत म्हणजे केशवाचा पुत्र. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. विष्णु वामन शिरवाडकरांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या नावावरून हे नाव घेतले. एकाने वडिलांचे नाव धारण केले, दुसऱ्याने बहिणीचे. दोघांनीही घर आपल्या नावातच वागविले. १९३२ साली, वीस वर्षांचे असताना, काळाराम मंदिराच्या प्रवेशाच्या सत्याग्रहात शिरवाडकर सहभागी झाले होते. केशवसुतांनी कवितेत ज्या मुलाचा प्रश्न मांडला, त्याच प्रश्नाच्या बाजूने नाशिकच्या रस्त्यावर उभे राहण्याची वेळ शिरवाडकरांवर आली. म्हणून मालगुंडचे दार त्यांच्या हातून उघडले जावे हे मला फार उचित वाटते.

मंडळी अंगणात विसावली असताना मी त्यांना मजुराच्या उपासमारीवरील त्या कवितेविषयी सांगितले. काम सुटलेला मजूर, घरी भुकेलेली माणसे, आणि दिवसभर राबावयास तयार असलेले परंतु कोणासही नको असलेले हात. लेथवरचे ते गृहस्थ शिळेच्या बाजूस बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमचा कारखाना बंद पडला, त्या वर्षी आमच्या घरात हेच झालं होतं. ते कुणी शंभर वर्षं आधीच लिहून ठेवलंय, हे मला ठाऊक नव्हतं.”

त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांनी स्वतःच दिले, असे मला वाटले. उरलेले अर्धे उत्तर शोधावयास मात्र इतिहासाकडे वळले पाहिजे.

वाचकहो, केशवसुतांचे एकही पुस्तक त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. त्यांच्या कविता ‘करमणूक’, ‘काव्यरत्नावली’ अशा नियतकालिकांतून छापल्या गेल्या आणि विखुरल्या गेल्या. आज आपल्यापाशी त्यांच्या सुमारे १३५ कविता आहेत. त्या राहिल्या, कारण कोणीतरी त्या जपल्या. प्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी त्या एकत्र करून १९१७ साली, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. तो संग्रह निघाला नसता तर मालगुंडचे ते घर आज एखाद्या अज्ञात दामल्यांचे पडके घर म्हणून विस्मृतीत गेले असते. स्मारक १९९४ साली उभे राहिले खरे, परंतु त्याचा पाया १९१७ साली घातला गेला होता, आणि तो दगडाचा नव्हता, कागदाचा होता.

ही गोष्ट एकट्या केशवसुतांची नाही. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली प्रसिद्ध झाला, तो वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन आणि पदरमोड करून काढला म्हणून. त्या वेळी शिरवाडकर तिशीतले तरुण होते. पुढे ‘नटसम्राट’ आले, १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार आला, १९९९ साली ते निवर्तले, आणि २७ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून आपण साजरा करू लागलो. परंतु या साऱ्याच्या आरंभी एका वडीलधाऱ्या लेखकाने धाकट्याच्या कवितांचे कागद मोलाचे मानले, ही घटना आहे.

दूरच्या देशांतही असेच घडलेले दिसते. युरोपात रुमानिया नावाचा देश आहे. तेथील राष्ट्रकवी मिहाई एमिनेस्कू. त्यांचा जन्म १८५० चा आणि मृत्यू १८८९ चा. म्हणजे केशवसुतांप्रमाणेच तेही एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, आणि तेही आपल्या भाषेच्या आधुनिक कवितेचे जनक मानले जातात. त्यांचे बालपण ज्या इपोतेश्ती गावी गेले तेथे त्यांच्या घराचे संग्रहालय आहे. जवळच जुने छोटे चर्च आहे आणि आईवडिलांच्या कबरी आहेत. शेकडो लोक तेथे श्रद्धेने जातात. परंतु तेथील घर हे मूळचे घर नव्हे. मूळ घर केव्हाच पाडले गेले. आज उभे आहे ते जुन्या पायावर पुन्हा बांधलेले आहे. मग राहिले काय? राहिल्या त्या वह्या. कवी आजारी असताना तितू मायोरेस्कू या त्यांच्या मित्राने त्यांच्या कवितांचा संग्रह १८८३ च्या अखेरीस काढला; कवीच्या हयातीतील तो एकमेव संग्रह. आणि त्याच मित्राने कवीच्या हस्तलिखितांची हजारो पृष्ठे सांभाळून १९०२ साली रुमानियाच्या अकादमीच्या स्वाधीन केली. घर पडले तरी पुन्हा बांधता आले, कारण त्यात कोण राहत होते हे सांगणारे कागद शाबूत होते. कागद गेले असते तर मूळच्या भिंती उभ्या असूनही त्या मुक्या झाल्या असत्या.

आता आपल्या घराकडे येतो. केशवसुत विद्यार्थिदशेत काही काळ नागपुरास होते. तेथे त्यांचा एका तरुण कवीशी सहवास घडला. त्या तरुणाचे नाव नारायण वामन टिळक. हेही मूळचे कोकणातले. १८६१ साली करजगाव येथे जन्मलेले. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते निवर्तले. ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तथापि मराठी ख्रिस्ती माणूस कोणत्याही मंदिरात जावो, टिळकांची भजने त्याच्या ओठी आहेत. आधुनिक मराठी कवितेच्या पहाटे हे दोन कवी एकमेकांच्या सहवासात होते, आणि त्यातील एक पुढे ख्रिस्ती झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना आपण सांगतो का?

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा जन्म १८६८ सालचा, आणि तो झाला जलालपूर येथे. सातपूरहून गोदावरी ओलांडून पलीकडे गेले की हे गाव फार दूर नाही. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड लागले. घरात येणारी वस्तू न वस्तू धुऊन घेतली जाई. अशा घरात वाढलेली ही मुलगी लहानपणीच टिळकांच्या घरी सून म्हणून गेली. लग्नाच्या वेळी तिला अक्षरओळखही नव्हती. ती पुढे पतीने करून दिली. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे तिने विरह सोसला, लोकांचे बोल सोसले, आणि अखेर १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. पतीच्या निधनानंतर मुलगा देवदत्त याने आग्रह केला म्हणून तिने आठवणी लिहावयास घेतल्या. त्या ‘स्मृतिचित्रे’ या नावाने १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाल्या. १९३६ साली नाशकातच लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. टिळकांनी आरंभिलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनी पुढे नेले होते. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण आवृत्ती साक्षेपाने सिद्ध केली.

आज ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. शाळेत न गेलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेले ते पुस्तक आहे, आणि मला ते एका कवीचे घर वाटते. त्याच्या पहिल्या पानावर उंबरठा आहे. आत गेले की टिळकांचा राग दिसतो, त्यांचा भोळेपणा दिसतो, आल्यागेल्या माणसाला घरातले देऊन टाकण्याची त्यांची खोड दिसते, आणि हे सारे हसत, रडत, निभावून नेणारी लक्ष्मीबाई दिसते. मालगुंडच्या घरात वस्तू आहेत, माणसांची कल्पना आपण करावयाची. या पुस्तकात माणसे आहेत. ते घर टिकले, कारण आईने लिहिले, मुलाने लिहविले आणि नातवाने सांभाळले. तीन पिढ्यांनी मिळून एक वही जपली.

येथे मला एक कबुली देणे भाग आहे. तरुणपणी, अभिषेक होऊन थोडाच काळ झाला असता, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका ग्रामीण मिशनवर माझी नेमणूक होती. तेथे एक वृद्ध मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी खेडोपाडी प्रार्थना घेतल्या, मुलांना शिकविले, नाताळात आणि उपवासकाळात भजने रचून गावोगाव गाऊन घेतली. ते वारल्यावर त्यांचा मुलगा एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आला. तीत वह्या होत्या. त्यांच्या हातच्या ओव्या, अभंग, कीर्तनांची टिपणे. “फादर, आमचं घर लहान आहे, तुम्ही ठेवा,” असे तो म्हणाला. मी ती पेटी व्हरांड्यात ठेवावयास सांगितली. नंतर पाहू, असे मनाशी म्हटले. पावसाळ्यात पेटीत पाणी गेले. पुढे आवराआवर करताना त्या भिजून चिकटलेल्या वह्या रद्दीत गेल्या. मी तेथेच होतो. मी अडविले नाही.

त्यावेळी मी सेमिनरीत वाचलेल्या मोठमोठ्या ग्रंथांनी भारावलेला होतो. व्हरांड्यातील त्या पेटीत साहित्य असेल असे मला वाटले नाही. त्या मास्तरांची रचना टिळकांच्या तोडीची होती असे मी म्हणत नाही. कशी होती हे आता मीही सांगू शकत नाही, आणि दुसरेही कोणी सांगू शकत नाही; खरे दुःख ते आहे. त्यांच्या भजनांतील एकदोन चाली मला अजून आठवतात, शब्द आठवत नाहीत. मालगुंडच्या अंगणात कोरलेल्या शिळांमधून फिरताना ती पेटी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. हरि नारायण आपट्यांच्या जागी माझ्यासारखा कोणी असता तर त्या शिळांवर कोरावयास काय उरले असते?

आपल्या समाजाचा महाराष्ट्रातील इतिहास बहुतांशी गरिबांचा इतिहास आहे. गरिबांची घरे स्मारके होत नाहीत. ती गळतात, पडतात, वाटणीत जातात, रस्त्यात जातात. सातपुरात पोटासाठी आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांचे गावचे घर आज उभे नाही. घर राखणे आपल्या हाती नसेल, परंतु वही राखणे आहे. आजोबांची भजनाची वही, आजीने सांगितलेल्या आणि नातीने उतरवून घेतलेल्या दळणाच्या ओव्या, पहिल्या पिढीच्या बाप्तिस्म्याची हकीगत सांगणारे एखादे पत्र, कामगार असलेल्या वडिलांनी पाळी संपवून आल्यावर लिहिलेली चार कवने. हे सारे कपाटाच्या तळाशी आहे तोवर आपल्या हाती आहे. दिवाळीपूर्वीची साफसफाई, घराची रंगरंगोटी, मुलाचे लग्न, अशा शुभप्रसंगीच ते बाहेर पडते आणि तराजूत जाते.

बसमध्ये परतताना लेथवरचे ते गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. रिकाम्या घराचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. घाट उतरेपर्यंत इकडचेतिकडचे बोलले, मग म्हणाले, “फादर, आमचे वडील गावाकडं भजनं बांधायचे. वही असंल कुठंतरी. बघतो.”

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांच्या पत्नी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन आल्या. पुठ्ठा निघालेला, काही पाने वाळवीने खाल्लेली, अक्षर मात्र टपोरे. “आमच्या मामंजींची आहे. जपून वापरा, फादर,” असे त्यांनी दोनदा सांगितले.

ती वही आता माझ्या मेजावर आहे. रात्रीच्या प्रार्थनेनंतर रोज एक पान मी स्वच्छ कागदावर उतरवून घेतो. आतापर्यंत अकरा पाने झाली आहेत. काही ओळी लागत नाहीत. त्या रविवारी ते गृहस्थ येऊन म्हणून दाखवितात आणि मी लिहून घेतो. ही वही या वेळी व्हरांड्यात ठेवलेली नाही.